धोंडोपंत, धोंडिबा, धोंड्या

आमच्या घराण्याची वंशावळ एका चुलत आजोबांनी निवृत्तीनंतर खपून तयार केली. मोडी कागद, तीर्थक्षेत्रींच्या उपाध्यांच्या चोपड्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, एवढ्या भांडवलावर त्यांनी आठ-नऊ पिढ्या उभ्या केल्या. त्यात मुली नाहीत. वंश म्हणजे मुलगे, हा त्या काळचा हिशेब. पण मुलग्यांच्या ओळीतही मध्येच एखाद्या ठिकाणी नाव नसतं. नुसतं लिहिलेलं असतं, ‘लहानपणी वारला’. शेजारी पुन्हा तेच. काही जोडप्यांखाली असे तीन-तीन निनावी मुलगे आहेत आणि त्यांच्या पाठीवर, नेमकं त्याच जागी, एक धोंडो आहे. गणेश, वामन, त्रिंबक, विष्णू अशा देवांच्या रांगेत हा दगड. त्याच्या मागून आलेला भाऊ बहुधा परत विष्णू नाहीतर वामन. संकट टळलं, देव परत आले.

वंशावळ वाचायची ती अशा जागी. बाकी सगळी नुसती यादी असते.

ज्या घरात पाळणा हलतो आणि थांबतो, पुन्हा हलतो आणि पुन्हा थांबतो, त्या घरात पुढच्या मुलाला देखणं नाव देणं म्हणजे चोराला तिजोरीची खोली दाखवणं. म्हणून मग धोंडू, दगडू. म्हणून केरू, केरबा, कचरू, भिकू, भिकाजी, उकिरडा. जे कुणी मागणार नाही, चोरणार नाही, ज्याच्याकडे वळून बघणार नाही, ते नाव. नावावर भागत नसे तिथे नाटकही करावं लागे. मूल जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीने ते ‘सापडलं’ म्हणून उचलून आणायचं आणि आईने सूपभर धान्य देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. झालं, ते आता तुमचं मूल नाही, विकतचं आहे; तुमच्या मुलांवर टपलेल्याने ते कशाला न्यावं? कुठे मुलाचं नाक टोचून नथ घालत आणि त्याला मुलीसारखं वाढवत. नथू हे नाव तिथलं. बारामतीत १९१० साली जन्मलेल्या रामचंद्र गोडसेचा नथुराम झाला तो असाच. आधीचे मुलगे गेले होते. हा जगला. पुढचं सांगायला नको.

या सगळ्यात फसवायचं कुणाला, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. कुणी म्हणतं यम, कुणी म्हणतं दृष्ट, कुणी म्हणतं सटवाई. सटवाईचं काम पाहिलं तर ती जन्मानंतर सहाव्या रात्री येते आणि कपाळावर लिहून जाते. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे आयुष्याची दोरी किती लांब हे लिहून झाल्यावर सहा दिवसांनी आपण धोंडू नाव ठेवणार आणि लिहिलेलं खोडलं जाईल अशी आशा धरणार. तर्काला हे धरून नाही. पण ज्या बाईची तीन मुलं गेली आहेत तिने तर्क कुठवर सांभाळायचा? हातात काही करण्यासारखं उरलेलंच नव्हतं, एक नाव सोडून.

आणि बारशात दगड तसाही हजर असतोच. पाट्यावरचा वरवंटा न्हाऊ-माखू घालून, कुंची-टोपडं चढवून आणतात आणि बाळाबरोबर तोही पाळण्याखालून-वरून या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात फिरतो. बायका गोविंद-गोपाळांची नावं घेत ही देवघेव करतात. हे कशासाठी, असं विचारलं तर बाळ वरवंट्यासारखं घट्टमुट्ट व्हावं म्हणून, असं उत्तर मिळतं. मला त्यात दुसरंही दिसतं. पाळण्यात दोन बाळं आहेत. घ्यायचंच असेल कुणाला तर त्यातला दगड घ्यावा. धोंडू नावाच्या मुलाच्या बाबतीत ही अदलाबदल आयुष्यभर चालू राहते, एवढाच फरक.

सगळेच धोंडो मृत्यूच्या भीतीतून आलेले नाहीत, हेही सांगायला हवं. अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. चांद्र वर्ष आणि सौर वर्ष यांचा मेळ घालायला साधारण पावणेतीन वर्षांनी येणारा हा जादाचा महिना. त्यात लग्न-मुंज नाही, शुभकार्य नाही. जावयाची मात्र चंगळ, त्याला पुरणाचे धोंडे करून जेवायला बोलवायचं. या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडो म्हणत. कुणी सांगतात की काशीच्या ढुंढिराज गणपतीचं नाव तोंडी घासून धोंडो झालं. काहींच्या बाबतीत तसं असेलही. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज, ते सरळ त्या गणपतीचं. पण केरू, कचरू आणि भिकू यांच्या पंगतीत बसलेल्या धोंडूला काशीचा गणपती चिकटवणं हा मला नंतरचा सोवळेपणा वाटतो.

या नावाची माणसं इतिहासात कमी नाहीत. म्हैसूरकडच्या मुलखात धोंडिया वाघ होऊन गेला. हैदरअलीच्या फौजेत वाढलेला मराठा; टिपूने त्याला कैदेत टाकलं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं त्या गोंधळात तो सुटला, फौज जमवली आणि स्वतःला दोन्ही लोकांचा राजा म्हणवून घ्यायला लागला. इहलोक आणि परलोक, दोन्ही! दगड आणि वाघ एकाच नावात घेऊन फिरणाऱ्याला ते शोभलंही. त्याच्या मागे लागलेला इंग्रज अधिकारी होता आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. १० सप्टेंबर १८०० रोजी धोंडिया लढाईत मारला गेला. त्याचा लहान मुलगा छावणीत सापडला आणि त्याच्या पालनपोषणाची तजवीज वेलस्लीने केली. शत्रूच्या पोराला जगवायची ही हौस इंग्रजांनी फार ठिकाणी दाखवली नाही, म्हणून ही गोष्ट लक्षात राहते.

दुसरा धोंडो ब्रह्मावर्ताचा. दुसऱ्या बाजीरावाने दत्तक घेतलेले, १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे यांचं नाव धोंडोपंत. उठाव मोडल्यावर ते नेपाळच्या तराईत शिरले आणि तिथून पुढे त्यांचा माग लागला नाही. डोक्यावर मोठं इनाम लावूनही इंग्रजांच्या हाती ते कधी आले नाहीत. उलट पुढे कित्येक वर्षं भलत्याच बैराग्यांना आणि वाटसरूंना नानासाहेब समजून पकडण्यात आलं. नजरेआड ठेवणारं नाव याहून जास्त कुणाला लाभलेलं मला ठाऊक नाही.

आणि तिसरे कोकणातल्या मुरूडचे. १८ एप्रिल १८५८ चा जन्म. पहिली पत्नी गेल्यावर १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह, त्यापायी गावचा बहिष्कार, मग हिंगण्याची झोपडी, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये, वयाला शंभर वर्षं झाली तेव्हा, भारतरत्न. धोंडो केशव कर्वे १९६२ च्या नोव्हेंबरात गेले तेव्हा एकशे चार वर्षांचे होते. त्यांना ते नाव कशामुळे मिळालं याच्याशी मला कर्तव्य नाही. पण धोंडो नाव ठेवून देव्हाऱ्यापुढे हात जोडणाऱ्या कुठल्याही आईला हेच तर हवं असायचं.

नानासाहेबांना कुणी धोंडो म्हणत नसे, कर्वे सगळ्यांचे अण्णा होते. मराठी घरांत नाना, अण्णा, तात्या ही सरसकट चालणारी संबोधनं, हे खरं. तरी धोंडो असलेल्याला ती जास्त लवकर चिकटत असतील असं मला वाटतं. मृत्यूला सांगायचं नाव वेगळं आणि जेवायला हाक मारायचं वेगळं. पुलंनी ‘असा मी असामी’तल्या आपल्या चाकरमान्याचं नाव धोंडो भिकाजी कडमडे-जोशी ठेवलं, त्यात मुलगा दगड आणि बाप भिकेचा, दोन पिढ्यांवर पांघरूण. आपण त्या नावाला हसतो. ज्या घरात ते खरोखर ठेवलं गेलं असेल त्या घरात त्या दिवशी कुणी हसलं नसेल.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. माझ्या आजोळी एका पिढीत दोन धोंडू होते. एक आजीचे दीर. खळ्यात खुर्ची टाकून बसत, पोथी वाचत आणि गाव त्यांना धोंडोपंत म्हणे. दुसरा गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, वयाने त्यांच्याहून थोराड, लाकडं फोडायला येई. तो धोंड्या. गावातलं शेंबडं पोरही त्याला अरे धोंड्या म्हणे आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मधे कुणब्यांच्या वाडीत धोंडिबा होता, बाजाराच्या गावी कापडवाले धोंडूशेठ होते. दगड एकच. त्याला पंत लागायचे की बा, शेठ लागायचं की या, हे जन्माआधीच ठरलेलं. आणि प्रत्येकाच्या आईने ते नाव त्याच एका कारणासाठी निवडलं असण्याची शक्यता फार मोठी आहे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत याचा नियम आहे. ब्राह्मणाचं मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं, शूद्राचं निंदा सुचवणारं. म्हणजे एका घराने भीतीपोटी जे एकदा, एका मुलापुरतं केलं, ते दुसऱ्या घरांवर पिढ्यान् पिढ्या विधी म्हणून लादलेलं. वरच्या आळीतल्या धोंडोचा धाकटा भाऊ विष्णू होऊ शकत होता. खालच्या आळीतल्या दगडूच्या धाकट्या भावाला कचरू हेच नाव मिळण्याची शक्यता जास्त. तिथे धोका कधी टळतच नव्हता म्हणावं, की टळला तरी चांगल्या नावाचा हक्क नव्हता म्हणावं? दोन्ही खरं असणार, आणि एकातून दुसरं वेगळं काढता येणार नाही. आईची माया आणि गावाचा तुच्छभाव एकाच शब्दात बसलेले. हाक कोण मारतो त्यावर कुठला ऐकू येईल ते ठरायचं.

दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘बलुतं’ची रचनाच अशी आहे की दगडू आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसतात. मला हे आत्मचरित्र लिहिण्याच्या युक्तीपेक्षा मोठं वाटतं. शहरात नोकरी करणारा, कविता लिहिणारा दया एका बाजूला आणि गावात राहिलेला, हाका ऐकून मान खाली घालणारा दगडू दुसऱ्या बाजूला. दयाला दगडूचं ऐकून घ्यावं लागतं. नाव बदलता येतं, पण आधीच्या नावाने जे सोसलं ते सोसणारा कुठे जातो, हा प्रश्न त्या पुस्तकाने मराठीत पहिल्यांदा इतक्या उघडपणे टेबलावर ठेवला.

इथे मला बाबासाहेबांच्या घराकडे वळल्याशिवाय राहवत नाही. रामजी सकपाळांचं ते चौदावं अपत्य. चौदांतली बहुतेक जगली नव्हती. पुढे त्यांच्या स्वतःच्या संसारातही तेच झालं. रमाबाईंची चार मुलं गेली: गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. यशवंत तेवढा राहिला. या नावांची रांग पुन्हा एकदा वाचा. एकामागून एक मुलं जात असताना घरात एकही दगडू नाही, केरू नाही, भिकू नाही. सगळ्यांत धाकट्याचं, १९२६ मध्ये गेलेल्या मुलाचं नाव राजरत्न. रूढीने सांगितलं असतं, दगड म्हण. या घराने रत्न म्हटलं, तेही राजाचं. हे नाव ठेवताना त्यांच्या मनात काय होतं याची कुठे नोंद असेल-नसेल. पण त्या नावाची निवड मला महाडच्या पाण्याइतकीच ठाम वाटते. मृत्यूशी खोटं बोलायला त्यांनी नकार दिला, आणि मूल गेलं तरी ते नाव खोटं ठरलं नाही.

१९५६ नंतर वस्त्यावस्त्यांतल्या हजेरीपटांवर सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद दिसायला लागले. औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय त्याआधीच, १९५० मध्ये सुरू झालं होतं. दगडू आजोबा, कचरू वडील आणि मिलिंद मुलगा अशी तीन पिढ्यांची नावं मराठवाड्यात कुठल्याही कचेरीतल्या अर्जांवर सापडतील. ती ओळीने वाचली की शतकभराचं राजकारण वाचून होतं; वेगळा ग्रंथ लागत नाही.

मुलींचं काय? धोंडाबाई, दगडाबाई होत्या. पण मुलींसाठी एक नाव असं होतं की ज्यात फसवाफसवी नव्हतीच: नकोशी, नकुसा. मुलीवर मुलगी झाली की पुढे मुलगा व्हावा म्हणून हे नाव. दगडू म्हणणाऱ्या आईला मूल इतकं हवं असतं की ती ते नको असल्याचं सोंग करते. नकुसा म्हणणाऱ्या घराला ते खरोखरच नको असतं. दोन्ही नावं वाईट. पण एकाच पिशवीत घालण्याची चूक करू नये. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात जिल्हा प्रशासनाने २८५ मुलींना एका समारंभात नवी नावं दिली. काहींनी नट्यांची नावं निवडली. मला त्यांचं अगदी बरोबर वाटलं. जिला आयुष्यभर नकोशी म्हणून हाक मारली गेली तिने ऐश्वर्याच का नसावं?

धोंडू नाव गेलं कसं, याचं उत्तर सुशिक्षितपणात शोधायचं कारण नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात हजार मुलं जन्मली तर त्यातली दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत जात. देवी, हगवण, धनुर्वात, घटसर्प. महाराष्ट्राचा हाच आकडा २०२० मध्ये सोळा होता. लस, साबण, उकळलेलं पाणी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका यांनी मिळून धोंडूला मराठी पाळण्यांतून बाहेर काढलं. आता तो सिनेमात सापडतो. ‘टाइमपास’मधला दगडू चाळीतला, उनाड, प्राजक्ता लेलेच्या मागे लागलेला. नाव ऐकताच प्रेक्षकाला कळतं की पोरगा कुठल्या घरातला आहे आणि मुलीचा बाप का चिडणार आहे. आईच्या भीतीचा अर्थ त्या नावातून पार धुऊन गेला, वर्गाचा तेवढा उरला.

एक दगडू मात्र वर चढला तो उतरलाच नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतले मिठाईवाले दगडूशेठ. त्यांच्याबद्दल असं सांगतात की त्यांचा मुलगा प्लेगने गेला. आईबाप सैरभैर झाले, तेव्हा गुरूंनी समजावलं की दत्त आणि गणपती यांच्या मूर्ती करा आणि त्यांनाच पोटची लेकरं मानून सांभाळा. मुलं आईबापांचं नाव काढतात तसं ही तुमचं नाव काढतील. कथेत भक्तांनी किती भर घातली असेल ती घातली असो. ज्याला स्वतःला जगवण्यासाठी दगडाचं नाव दिलं असावं, त्याचाच मुलगा साथीत गेला, आणि मग त्याने मूर्तीलाच मूल केलं. बारशातला वरवंटा इथे खराच पाळण्यात झोपला. आज लाखो लोक त्या गणपतीचं नाव घेतात ते आधी बापाचं घेऊनच: दगडूशेठ हलवाई गणपती. इतकं मोठं नाव काढणारा लेक पुण्यात दुसरा नाही.

परवा आमच्या घरी भाचीच्या मुलाचं बारसं झालं. नाव महिनाभर चर्चा करून ठरवलेलं, अद्वय की काहीसं. अर्थ सांगायला एक परिच्छेद लागतो. दुसऱ्या दिवशी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. पाळणा, फुलं, झबलं सगळं दिसत होतं आणि बाळाच्या चेहऱ्यावर एक लाल बदाम चिकटवलेला होता. थोरल्या आत्याबाईंनी चष्मा पुसून फोन जवळ नेला, लांब नेला.

“याला तोंड नाही का गं?”

“अगं, मुद्दाम झाकलंय,” भाची म्हणाली. “हल्ली सगळेच झाकतात. कुणाची नजर कशी असेल काय सांगावं.”

“मग धोंडू ठेवायचं होतंस,” आत्याबाई म्हणाल्या. “फोटो तरी दिसला असता.”